किती तोळ्याची डिग्री

बोलता बोलता तिचा हात गळ्याकडं जायचा. उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर बरोबर मधोमध टेकवायची आणि आत्ताच कानावर पडलेला एखादा शब्द स्वतःशीच पुन्हा म्हणायची. नळावर, भाजीच्या गाडीपाशी, कुणाच्या बारशात, कुठंही. गडहिंग्लजकडचा एखादा शेतकरी दारात उभा राहून वेगळ्या हेलात काही बोलून गेला, की हिची बोटं गेलीच गळ्यावर.

आमच्या गल्लीनं या सवयीचा अर्थ ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात लावून टाकला. "गळ्यात काय न्हाय न्हवं बिचारीच्या, म्हणून चाचपतीया," असं समोरच्या काकू म्हणाल्या आणि ते सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. त्याच वर्षी मीही त्या गल्लीत सून म्हणून आले होते, आणि माझ्या गळ्यात बोरमाळ होती, पुतळ्यांची माळ होती, हातात पाटल्या होत्या. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची एक पोत.

तिचं नाव मी सांगणार नाही. ती चांगली हयात आहे, सुखात आहे, आणि हे वाचलं तर तिला हसू येईल. ते मला नको आहे. गल्ली तिला 'डिग्रीवाली' म्हणायची, तेवढं पुरे.

आमची गल्ली शाहूपुरीच्या मागची. हंगामात अंथरुणालासुद्धा गुळाचा वास यायचा. माझ्या मालकांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं सासर, गुळाची अडत असलेलं लिंगायत घर. त्या घरात शब्द चालायचा तो अव्वाचा. अव्वा म्हणजे तिची सासू. नवरा गेल्यावर या बाईनं अडत एकटीनं सांभाळली होती. पुढं मुलगा गल्ल्यावर बसायला लागला, पण भाव विचारायला लोक अव्वाकडंच यायचे. अव्वाचं माहेर चिकोडीकडचं. कानडीत चिडायची आणि मराठीत भांडायची. अख्खी गल्ली तिला अव्वाच म्हणायची, आणि समोरून ती येताना दिसली की पदर सारखा करायची.

तिच्या लग्नाला आम्ही शेजारी म्हणून सगळे गेलो होतो. रुखवत तुम्ही पाहिलेलंच आहे, मी काय सांगणार. कुरडया-सांडग्यांची ताटं, मण्यांची बदकं, लोकरीचं तोरण, साखरेची तुळस. त्या सगळ्याच्या मधोमध, समई लावून, एक फ्रेम ठेवलेली. मला वाटलं देवाचा फोटो असेल. माझ्या पुढच्या बाईंना तर तसं पक्कंच वाटलं, त्यांनी वाकून नमस्कारही केला. जवळ जाऊन बघितलं तर आत एक छापील कागद, वर कानडी, खाली इंग्रजी, आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का.

"डिग्री हाय, पोरीची," मागून कुणीतरी सांगितलं. सांगणारा तिचा बाप होता. कबनूरला यंत्रमागांच्या खोल्यांजवळ त्याचं लहानसं किराणा दुकान. पोरीला धारवाडला मामाकडं ठेवून त्यानं तिथल्या सरकारी विद्यापीठातून एम.ए. करायला लावलं होतं. विषय भाषाशास्त्र. हा शब्द मांडवात पहिल्यांदाच ऐकला गेला असणार.

अव्वा आली, फ्रेम उचलली, तळहातावर धरून वजन केल्यासारखी खालीवर केली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "किती तोळ्याची हाय ओ ही, पावणं?"

मांडवात हशा झाला. बापाचं तोंड एवढंसं झालं, पण माणूस दुकानदार होता. हात जोडून म्हणाला, "अव्वा, सोनं मोडताना घट लागती. हिला घट न्हाय लागत."

"मोडताच येत न्हाय, तर घट कुटली लागती?" अव्वा म्हणाली आणि फ्रेम बदकांशेजारी ठेवून दिली.

दुसऱ्यांदा हशा झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा. मीही हसले. नवरी स्टेजवरून बघत होती. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि दोन बोटं गळ्यावर टेकवून 'घट' म्हणून बघितलं. मी शपथेवर सांगते, मी पाहिलंय.

आता मला तिच्यावर जळण्याचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. सोनं माझ्याकडं, माडी माझ्याकडं, सासू मवाळ माझ्याकडं. पण जळायला कारण होतं आणि ते मी माहेरूनच घेऊन आले होते.

आमचं गाव कोडोली. शेती बरी, ऊस बरा. मी पेठ वडगावच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मराठीचे सर हजेरी घेताना 'यस सर' चालवून घ्यायचे नाहीत. मराठीच्या तासाला मराठीतच, 'हजर' म्हणायचं, आणि तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मुली लाजून तोंडातल्या तोंडात म्हणायच्या. मी खणखणीत म्हणायची. पुढं इथल्या, शहराबाहेरच्या टेकडीवरच्या विद्यापीठात येऊन एम.ए. करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. घरात तसं बोललेही होते.

त्या वर्षी उसाचं बिल आलं आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, सोनाराला घरी बोलावलं. मी म्हणाले, मला सोनं नको, मला शिकू द्या. आबा रागावले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवून समजावलं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. "आगं, शिक्षान सासरला गेल्यावर चुलीत जातंय. सोनं कुटं जातंय? तुला आयुष्यभर पुरंल एवढं करतो बघ." बारा तोळे केलं. दिवाळीनंतर माझं कॉलेज बंद झालं. मैत्रीण सांगायची, सर नंतरही बरेच दिवस माझं नाव पुकारायचे आणि थांबायचे. मग कुणीतरी सांगितलं, "सर, तिचं लगीन ठरलं," तेव्हा कुठं थांबले.

म्हणजे बघा, त्या बापानं सोन्याची डिग्री केली आणि माझ्या बापानं डिग्रीचं सोनं केलं. दोघी एकाच भिंतीच्या अलीकडं-पलीकडं येऊन पडलो. दोघांपैकी एकाचाच हिशेब बरोबर असणार. तो माझ्या आबांचा असावा एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी तिची डिग्री फुकट जाणं गरजेचं होतं. मी देवाला तसं स्पष्ट सांगितलं नाही, पण त्याला कळलं असेल.

सुरुवातीची वर्षं देव माझ्या बाजूनं होता. ती नोकरीला म्हणून निघायची, फ्रेममधला कागद पिशवीत घालून. त्या दिवशी माझा सगळा जीव खिडकीत. परत आली की मी विचारायची, "काय झालं गं?"

"इर्ली बिड आक्का," ती म्हणायची. असू दे, सोड. हे तिचं ठरलेलं उत्तर. अव्वा ओरडली तरी इर्ली बिड, दूध उतू गेलं तरी इर्ली बिड. मग पायरीवर बसून सगळं साग्रसंगीत सांगायची, आवाज काढून, नकला करून. एका प्राचार्यांनी कागद बघून विचारलं होतं, "मराठीचं एम.ए. आहे का?"

"न्हाई सर, भाषाशास्त्र."

"मग इंग्रजीचं?"

"भाषाशास्त्र."

"अहो, पण कुठल्या भाषेचं?"

"सगळ्याच भाषांचं, सर."

"सगळ्या भाषांची मिळून एक जागा निघत नाही हो, बाई."

हे सांगताना ती स्वतःच एवढी हसली, की मला माझा आनंद नीट घेता आला नाही. पडून आलेल्या माणसानं असं हसू नये. मला राग यायचा तो याच गोष्टीचा. घरी येऊन मी मालकांना सांगायची, "शेजारी परत गेलतं, परत आलं." ते लेथवरून आलेले असायचे, काळ्या हातांनी चहा प्यायचे आणि म्हणायचे, "तुला काय करायचंय?" पुरुषांना कळत नाही.

मधूनमधून किरकोळ कामं मिळायची. तासावर शिकवायला एक टर्म. कानडी-मराठी लग्नपत्रिका. फवारणीच्या औषधाचं एक माहितीपत्रक तिनं कानडीतून मराठीत केलं, त्याचे मिळाले ते पैसे अव्वाच्या हातात नेऊन ठेवले. अव्वानं मोजलेसुद्धा नाहीत. "एक पाटली हुईल का गं ह्यात?" एवढंच विचारलं. हा तिचा कायमचा प्रश्न होता. सणाला, पाहुण्यांसमोर, नळावर, 'पाटल्या झाल्या का गं तुझ्या डिग्रीच्या?' दुष्टपणानं नाही म्हणायची. बाजारात ज्याचा भाव होत नाही, तो माल तिनं कधी पाहिलाच नव्हता.

खंडेनवमीला मात्र अव्वा फ्रेम भिंतीवरून उतरवायला सांगायची. वजनकाटा, कुलपं, शिलाई मशीन, सगळ्यांबरोबर तीही पाटावर. काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढत म्हणायची, "कमवत न्हाय तर न्हाय, पूजा तरी हुंदे." दरवर्षी थोडं कुंकू फटीतून आत झिरपायचं. सोनेरी शिक्का हळूहळू लाल होत चालला होता.

त्यांच्यात कुणाचं लग्न निघालं, की अव्वा तिला माझ्याकडं पाठवायची. "आक्का, बोरमाळ पायजे हुती. अव्वा म्हंत्यात, मोकळ्या गळ्यानं न्हेऊ कसं?" माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस. मी मुद्दाम कपाट उघडायला वेळ लावायची, डबी पुसायची, माझ्या हातानं तिच्या गळ्यात बोरमाळ बांधायची आणि म्हणायची, "घाल गं, तुझीच समज." दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून परत यायची. एकदा आरशापुढं उभी असताना तिची बोटं सवयीनं गळ्यावर गेली, मण्यांवरच टेकली. तिनं तोंड वाकडं केलं. "ह्यात आवाज लागत न्हाय ओ, आक्का."

"काय लागत न्हाय?"

तिनं माझा हात धरला आणि बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली, माळेच्या वर. नुसतं 'स्स्' म्हणाली, काही नाही. 'म' म्हणाली, आत लेथ चालू झाल्यासारखं भुणभुणलं. "प्रत्येक आवाजाचं घर येगळं असतंय," ती सांगत सुटली. कुठला जिभेच्या शेंड्यावर, कुठला ओठांवर, कुठल्या गावात कुठं सरकतो. नवा शब्द ऐकला की तो कुठून निघतो ते बघायची तिला सवयच लागली होती. तोंड नुसतं उजळून गेलं होतं तिचं. मी हात काढून घेतला.

म्हणजे ती गळा चाचपत नव्हती. सोन्याची तिला आठवणच नव्हती. माझ्या बोरमाळेची तिला अडचण होत होती.

हे मी गल्लीत कुणालाही सांगितलं नाही. नळावर काकू म्हणाल्या, "बघ, परत चाचपाय लागली," की मी मान डोलवायची. गल्लीचा अर्थ मला जास्त सोयीचा होता. अजूनही तोच बरा वाटतो.

पुढं पाचसात वर्षांत गल्ली बरीच बदलली. गुळाचा धंदा उतरला, अडत्यांच्या पोरांनी मोबाईलची दुकानं टाकली. तिचा मुलगा शाळेत जायला लागला. तिची डिग्री भिंतीवर होती आणि मी निर्धास्त होते. आणि एका सकाळी अव्वा देवपूजेला बसली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी बघायला गेले. त्या बाईच्या आवाजानं कधी काळी हमाल जिन्यावरून खाली यायचे. आता तोंडातून नुसता एक घोगरा सूर. तिला सगळं कळत होतं, हेच हाल होते. पाणी पाहिजे की उशी पाहिजे, सगळे अंदाज करायचे, आणि चुकले की अव्वाच्या डोळ्यांतून रागानं पाणी. मोठ्या दवाखान्यातली एक बाई आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम सांगून जायची. बाकीचे दिवस सुनेचे.

ती अव्वासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची. अव्वाचा चांगला डावा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि 'म' म्हणायची. मग तोच हात अव्वाच्या गळ्यावर. पुन्हा स्वतःच्या, पुन्हा अव्वाच्या. कधी कानडीतलं एखादं पाळण्यातलं गाणं गुणगुणायची, तेही असंच, हात गळ्यावर ठेवून. मी विचारलं, "हे कॉलेजात शिकवलंय?" तर म्हणाली, "हे न्हाय शिकवलं. आवाज कुटं राहतोय तेवढं शिकवलंय. मी काय डाक्टर न्हाय, आक्का. हुडकायला लागलोय नुसतं."

मी रोज जायची. कधी पेज घेऊन, कधी नुसतीच. खरं सांगते, अव्वाला बरं वाटावं अशी माझी मनापासून इच्छा होती. ते हिच्या हातून होऊ नये, अशीही होती. दोन्ही इच्छा घेऊन मी त्या उंबऱ्यावर बसायची.

पावसाळा गेला. एका दुपारी मी बसले असताना अव्वानं स्वतःच हात वर नेला. डावी बोटं गळ्यावर ठेवली, जीभ दातांमागं टेकवली, आणि त्या घोगऱ्या सुरातून अगदी स्पष्ट निघालं, "नीर." पाणी. हिनं तांब्या उचलायला पाहिजे होता, पण ती तिथंच पदर तोंडाला लावून बसली. शेवटी पाणी मी दिलं. तेवढं तरी माझ्या हातून झालं.

त्यानंतर अव्वा शब्द शब्द गोळा करत गेली. आधी कानडी, मग मराठी. बोलायचं झालं की हात गळ्यावर, मग शब्द, मध्ये मोठी विश्रांती. ऐकणाऱ्याला धीर पाहिजे, आणि तो त्या घरात हिलाच होता. मुलगा दुसऱ्या शब्दालाच म्हणायचा, "आलं ध्यानात, अव्वा," आणि भलतंच काहीतरी आणून द्यायचा. अव्वा बोलायची हिच्याशी, आणि ही ते आम्हाला सांगायची.

आणि अशात पुण्याहून फोन आला. तिच्या धारवाडच्या वर्गातली एक मैत्रीण तिथल्या कुठल्या कंपनीत होती. तिथं म्हणे कॉम्प्युटरला मराठी आणि कानडी बोलायला शिकवायचं काम निघालं होतं. दोन्ही भाषा घरच्या असलेलं आणि आवाजाचं शास्त्र शिकलेलं माणूस त्यांना कुठं मिळत नव्हतं. मैत्रिणीनं हिचं नाव सांगितलं होतं.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं भिंतीवर टांगलेला कागद, आणि आता त्याला गिऱ्हाईक! मग मीच मनाची समजूत घातली. ती जाईलच कशी? अव्वाची जीभ ती होती. ती गेली तर ही म्हातारी पुन्हा मुकी. अव्वा सोडणार नाही, आणि अव्वानं सोडलं नाही तर हिची जायची हिंमत नाही. मी पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी घरातले सगळे जमले होते. नवरा खाली मान घालून म्हणाला, "तू म्हंशील तसं." ती म्हणाली, "न्हाय जात. इर्ली बिड." एवढ्या सहज म्हणाली, दूध उतू गेल्यासारखं.

अव्वानं खाटेवर हात आपटला. हात गळ्यावर गेला.

"प... गार?"

तिनं सांगितला. अव्वानं डोळे मिटले. चेहऱ्यावर तो जुना सौद्याच्या वेळचा भाव आला. गुजरीतल्या सराफांकडचा सोन्याचा भाव आजारपणातही ती रोज मुलाला विचारायची. ओठ हलत होते. मग एकेक शब्द सुटा करून बोलली.

"म्हयन्याला... तीन... तोळं."

अव्वानं हिच्याकडं बघितलं, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसली, एका बाजूनं. "घट... न्हाय... म्हनालता... बाप." आणि हात गळ्यावरून न काढता, "होग." जा. मग बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीतही सांगितलं, "जा."

"तुमचं कसं हुईल, अव्वा?" ती रडायला लागली होती.

अव्वानं गळ्यावरची बोटं तिला दाखवली. शिकवलंस न्हवं, असं म्हणायचं होतं बहुतेक.

मी घरी आले आणि कपाट उघडून बसले. महिन्याला तीन तोळे. म्हणजे आबांनी मला आयुष्यभर पुरेल म्हणून दिलेलं सगळं सोनं, ते तिचे चार महिने. माझं कॉलेज, माझं विद्यापीठ, माझी हजेरी, सगळं मिळून चार महिने. आबांचा मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि ते तर केव्हाच वारले होते. मग तो राग मी तिच्यावर काढला. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं. पेढे नंतर खाल्ले, चांगले होते.

कंपनीला मूळ कागद पाहिजे होता. फ्रेम उतरवली तर डिग्री काचेला चिकटून बसलेली, इतक्या वर्षांच्या खंडेनवमीच्या कुंकवानं. चाकूनं, वाफेनं, कशीबशी सोडवली. शिक्का पुरता लाल. पुण्यात तिला विचारलं म्हणे, हा डाग कसला, तर म्हणाली, "सासूबाईंनी पूजा केलीया." त्यावर ते लोक हसले, आणि तीही हसली असणार. तिचं हसणं मला माहीत आहे.

मुलाला घेऊन ती गेली. नवरा अडतीपायी मागं राहिला, शनिवारची एस.टी. धरायचा. निघताना ती माझ्याकडं आली. मला वाटलं, आता शेवटचं काहीतरी उसनं मागेल. मागितलं. "आक्का, दुपारचं तेवढं अव्वाजवळ बसा. घाई करू नका, बोलू द्या त्यांना. तुम्ही ऐकतासा, मी बघितलंय." बाकी कुणाचं नाव सुचलं नसतं का तिला? पण नाही म्हणता येईना.

तेव्हापासून मी दुपारी अव्वाजवळ बसायला लागले. अव्वासाठी नाही, डिग्रीवालीची बातमी काढायला. अव्वा सांगायची आणि मी थांबून ऐकायची, कारण बातमी अर्धवट ठेवणं मला जमत नाही. पुण्यात फ्लॅट घेतला. पगार वाढला. कॉम्प्युटर बोलायला लागला, पण 'ळ' त्याला येईना, म्हणून ती त्याच्यावर चिडते. सोन्याचा भावही त्या वर्षांत चांगला वर चढला, आणि मी गुजरीतला भाव रोज पेपरात बघायची. माझ्या बाजूनं लढणारं तेवढंच एक उरलं होतं. अर्थात विकतंय कोण? गळ्यातली बोरमाळ सोडली तर सगळं कपाटात होतं तसंच होतं. भाव कितीही चढला तरी मला त्यातून काही घेता येत नव्हतं.

रिकामी फ्रेम अव्वानं भिंतीवरून काढू दिली नाही. नुसती काच आणि मागं पुठ्ठा. खंडेनवमीला मी वजनकाटा पाटावर ठेवला, कुलपं ठेवली, तर अव्वानं डाव्या हातानं भिंतीकडं बोट केलं. मी फ्रेम उतरवून दिली. तिनं रिकाम्या काचेवर बोटानं कुंकू लावलं.

पूजा झाल्यावर मी उठायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. मला खाली बसवलं. तिची बोटं माझ्या गळ्याकडं आली आणि बोरमाळेवर अडली. तिनं मणी इकडं सारले, तिकडं सारले. चेहरा त्रासला.

"काड... ह्ये."

डिग्रीवाली पुण्याला गेल्यापासून ती माळ मी कपाटात ठेवलीच नव्हती, झोपतानासुद्धा गळ्यात असायची. दोन्ही हात मागं नेऊन सोडवली. गळा एकदम हलका वाटला, थोडा गारही. अव्वानं बोटं टेकवली, बरोबर मधोमध.

"बोल."

"काय बोलू, अव्वा?"

"काय... बी."

एरवी एवढं बोलणारी मी दाराकडं बघायला लागले. दार उघडं होतं, गल्लीतून कुणी जात नव्हतं. अव्वा वाट बघत होती, घाई न करता. आणि एकदम माझ्या तोंडातून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं, निघालं,

"हजर."

तिच्या बोटांखाली गळा भुणभुणला, ते मलाही कळलं.

"लागलं," अव्वा म्हणाली. बोटं तिनं काढली नाहीत. बोरमाळ माझ्या मांडीवर पडली होती. मी पुन्हा म्हणाले, "हजर."